ती मावशी माझी बायको होती

सुमन, तुझ्या नावानं तुला चारचौघांत मी कधी हाक मारली नाही. 'अगो' म्हणायचो, नाहीतर 'दिलपाची आई'. आपल्याकडे तशीच रीत. आता तू नाहीस, नाव घ्यायला कसली चोरी? तरी पेन हातात धरलं आणि पहिल्याच अक्षराला हात अडला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. गिरणीत पगाराला सही करायचो, तेवढंच माझं लिहिणं. चुकलंमाकलं मंडळातली शिकलेली पोरं सुधारतील. मजकुराला मात्र हात लावायचा नाही, असं त्यांना बजावून ठेवलंय.

मंडळाचा गणपतीचा अंक निघतोय. वर्षात चाळीतलं कोण कोण गेलं त्यांच्यावर त्यात छापतात. सेक्रेटरी सावंत येऊन गेला. म्हणाला, "वहिनींवर चार ओळी द्या काका, नाहीतर आम्हीच घालतो." तो काय घालणार ते मला पाठ आहे. प्रेमळ, मनमिळाऊ, सोशिक. आपल्या चाळीत गेलेल्या प्रत्येक बाईला हेच तीन शब्द मिळतात. ती तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी, जी नळावर बादल्या फेकून मारायची, तिलासुद्धा मिळाले होते. ते वाचून तू किती हसली होतीस! पदर तोंडात कोंबून हसलीस, भिंतीपलीकडे ऐकू जाईल म्हणून.

सावंत जाताना दारात वळला. "हॉस्पिटलात होत्या ना वहिनी? ऑफिसला?"

"होय," मी म्हटलं. "ऑफिसला."

तू गेलीस, तुझं दिवसपाणी झालं, आणि मी अजून तेच बोललो.

तू ऑफिसात कधीच नव्हतीस. परळच्या हॉस्पिटलात दुर्बिणीच्या खात्यात होतीस. तोंडातून नाहीतर मागच्या बाजूनं नळी घालून पोट तपासतात, ते खातं. तिथं तू आयाबाई. पेशंटला एनिमा द्यायचा, त्याला धरून संडासापर्यंत न्यायचं, परत आणायचं, टेबल पुसायचं, चादर बदलायची, आणि पुढच्याला हाक मारायची. सगळं खातं तुला मावशी म्हणायचं. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय आणि कान गरम झालेत. पूर्वी तुझ्या कामाची लाज वाटायची म्हणून व्हायचे. आता माझी मलाच वाटते.

गिरण्यांचा संप लागला तेव्हा सगळ्यांनी बायकापोरं गावी धाडली. तू गेली नाहीस. "गावाक जावन काय दगड खातलंय?" म्हणालीस. मी साचेखात्यात होतो, म्हणजे जिथं कापड विणतात तिथं. चार साचे एकटा सांभाळायचो. माझ्या साच्यावरचं कापड तपासणीत कधी परत आलं नाही, ही माझी घमेंड. भोंगा बंद झाला, आणि ती घमेंड घेऊन मी गॅलरीत बसून राहिलो. आज मिटेल, उद्या मिटेल. एक दिवस तू विचारलंसुद्धा नाहीस, सरळ सांगितलंस. "सोमवारपासून हॉस्पिटलात जातंय. बदलीवर."

"कसलं काम?"

"पडात तां."

पहिल्या दिवशी दुपारी परत आलीस ती हसतच. चपला काढता काढता सांगायला लागलीस. कोणी एक जाडा शेठ होता म्हणे, एनिमाची नळी बघून टेबलावरून उतरून पळाला आणि मागून उघडाच जिन्यापर्यंत गेला, आणि तू त्याच्यामागे चादर घेऊन. सांगताना तुझे डोळे पाण्यानं भरले होते हसून. मी म्हटलं, "पुरे. घरात हे बोलायचं नाही." तू चपला कोपऱ्यात सरकवल्यास. मग मी म्हटलं, आधी मोरीत जा, डोक्यावरून आंघोळ कर, साडी वेगळ्या बादलीत टाक, मगच चुलीकडे ये.

तो नियम झाला. थंडीत तोच, तापात तोच. दुसऱ्या पाळीवरून दमून आलीस तरी तोच. गणपतीच्या दिवसांत तर तुला देवाजवळ जाऊ दिलं नाही मी. आरतीला तू उंबऱ्यात उभी राहायचीस, टाळ्या वाजवत. चाळीतल्या बायका म्हणायच्या, काय बाई सोवळं पाळते ही, कामावरून आली की आधी आंघोळ! तू ऐकून घ्यायचीस. एकदा तर त्यातली एक तुझ्या पाया पडली, आणि तू माझ्याकडे बघितलंस. मी पेपर वर केला.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं. गिरण्या थोड्या थोड्या उघडायला लागल्या, काहींना परत घेत होते, तेव्हाचं. तू म्हणत होतीस, जा, विचारून या. मी म्हणत होतो, फाटकाशी हात जोडून उभा राहणार नाही. पुढं गिरणीच राहिली नाही. मग तू म्हणालीस, वॉचमनचं तरी बघा. मी म्हटलं, साचेवाल्यानं येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकायचा? हे हात त्यासाठी नाहीत. तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. ताटावरून मान वर न करता म्हणालीस, "माझे हात खंय खंय जातत, तां कधी इचारलात?"

मी चप्पल घालून खाली निघून गेलो. उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच.

अशी वर्षं गेली. तू बदलीवरून कायम झालीस, दिलीप मोठा होऊन डोंबिवलीला गेला, मिलच्या जागी टॉवर आले. आणि मग माझं रक्त पडायला लागलं.

संडासातून पडायचं. गॅलरीच्या टोकाला चाळीचे संडास, सगळ्यांचे मिळून. मी दुप्पट पाणी ओतून यायचो, कोणाला दिसू नये म्हणून. साचेवाल्यांना मूळव्याध असायचीच, दिवसभर उकाड्यात उभं राहून. जो तो म्हणायचा, उष्णता आहे, ताक पी, सब्जा घे. मी तेच करत होतो. माझं लिव्हर खराब आहे हे तुला नि मला दोघांनाच माहीत होतं. तरुणपणी झालेली कावीळ आत राहून गेली होती, असं डॉक्टर म्हणाले होते. मी दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही. पण लिव्हर म्हटलं की लोक एकच अर्थ काढतात, म्हणून तेही झाकून ठेवलं होतं. झाकायची मला सवयच लागली होती.

दादरला पुलाजवळ एका मूळव्याधवाल्याची पाटी होती. एका बैठकीत कापून मोकळे. मी त्याच्याकडे जाऊन वार ठरवून आलो. आणि त्याच आठवड्यात धुताना तुला माझा लेंगा दिसला.

"कधीपासून?" तू विचारलंस.

"उष्णता आहे. कापून घेतोय. दादरला."

"कापून?" तू हातातला लेंगा खाली टाकलास. "तुमचं लिव्हर तसं, आणि कापून? ही मूळव्याधच कशावरून? आमच्याकडे येतात लिव्हरवाले, त्यांच्या खाली शिरा फुगलेल्या असतात. वरून दिसायला सारखंच. त्यावर कात्री लागली तर रक्त थांबायचं नाही. आधी आमच्या डॉक्टरांना दाखवा."

"तुझ्या खात्यात?"

"माझ्या खात्यात."

"तिथं मी उघडा पडू? आणि त्या बाया म्हणणार, बघा बघा, मावशीचा नवरा?"

तू चिडलीस की मालवणीत यायचीस. "तुमका जगूचा आसा काय लाज राखूची आसा?"

"लाज," मी म्हटलं.

खरंच तसं म्हटलं मी. तुला आठवत असेल. लेंगा उचललास, पिळलास, दांडीवर घातलास, त्याच्या सुरकुत्या हातानं काढल्यास. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणालीस, "बरं. लाज राखू. तुम्ही पेशंट, मी मावशी. मी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवू नका. परब म्हणून हाक मारली तर अर्धं हॉस्पिटल ओ देईल, आडनावावरून कोणाला कळायचं नाही. पण दादरला जायचं नाही. गणपतीची शपथ घ्या."

मी घेतली. माझ्याकडून काय घेतलंस आणि मला काय दिलंस, ते तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, जिंकलो.

त्या दिवशी तू नेहमीसारखी आधी निघालीस, मी मागून. हॉस्पिटलात मला मागून उघडा असलेला हिरवा डगला दिला. पडद्याआड एका बाकड्यावर डाव्या कुशीवर झोपवलं. आणि पडदा सरकवून तू आलीस. हातात ती नळी आणि पिशवी. अंगावर निळी साडी, जी मी वेगळ्या बादलीत टाकायला लावायचो ती.

"काका, गुडघे पोटाशी घ्या," तू म्हणालीस. "श्वास सोडा. लाजायचं नाही हां काका. इथं सगळे सारखेच येतात."

काका! लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई मला काका म्हणत होती, आणि आवाजात जराही कंप नाही. मला तुझा राग आला. एवढं छान कसं जमतं हिला? मग कळलं की हा आवाज खोटा नव्हता. तू रोज सगळ्यांशी असंच बोलत असणार. मी तो कधी ऐकला नव्हता. तुझे हात गरम होते. नळी जाताना काही दुखलं नाही. बाजूच्या पडद्याआड एक जण कण्हत होता, त्याला तू इथूनच म्हणालीस, "आले रे बाबा, दोन हात आहेत मला!" आणि तो माणूस एवढ्या त्रासात हसला.

मग आतल्या खोलीत टेबलावर. डॉक्टर तरुण होता, पण घाई नव्हती त्याला. आधी समजावून सांगितलं. आतड्यांकडून रक्त लिव्हरकडे जातं. लिव्हर दगडासारखं झालं की रक्ताला आत शिरता येत नाही, मग ते मागं फिरून दुसऱ्या वाटा शोधतं. "परळचा पूल बंद केला की गाड्या भोईवाड्याच्या गल्ल्यांत घुसतात ना काका, तसं. गल्ली तेवढीच, गाड्या चौपट." साध्या दुर्बिणीनं वरचा पृष्ठभाग तेवढा दिसतो, म्हणाला. भिंतीच्या आत काय आहे, भिंतीपलीकडे काय आहे, ते दिसत नाही. म्हणून या नळीच्या टोकाला सोनोग्राफी बसवलेली. गरोदर बाईची पोटावरून करतात, तुमची आतून.

मला पडदा दिसत होता. करडं करडं, पावसाळी आभाळासारखं, आणि त्यात काळी गोल भोकं. उभे धागे तुटले की कापडात अशीच भोकं पडतात. मी मनात म्हटलं, हा माल परत येणार. मग डॉक्टरनं काहीतरी दाबलं आणि त्या काळ्या भोकांत लाल-निळा रंग धावायला लागला. "हे वाहतं रक्त," तो म्हणाला. "ही मूळव्याध नाही काका. या शिरा आहेत. वर दिसतात त्याहून जाड आत आहेत, आणि ही बघा, ही बाहेरून येऊन त्यांना रक्त पुरवते. कोणी कापायला घेतलं असतं तर टेबलावरून उठला नसता."

मी तुझ्याकडे बघितलं. तू कोपऱ्यात उभी, हातात फडकं. तू पडद्याकडे बघत नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या तोंडावरचा तो सुटकेचा भाव फक्त मला कळण्यासारखा होता.

नळी काढून झाली. डॉक्टर म्हणाला, "पुढं काय करायचं ते जरा नीट सांगायचंय. बरोबर घरचं कोण आलंय?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "माझं कोणी नाही."

पहिले दोन शब्द ठरल्याप्रमाणे होते. 'माझं कोणी नाही' हे मी पदरचं घातलं. का घातलं, देव जाणे. नाटक पक्कं व्हावं म्हणून असेल. तू खाली वाकून बादली उचललीस आणि बाहेर गेलीस. दार हळूच लागलं. पाणी सांडलं नाही, आवाज झाला नाही. तुझं काम नेहमी नीट असायचं.

मला बाहेर बाकड्यावर बसवलं. थोड्या वेळानं तू चहा आणलास. दुसऱ्यांना कपातून दिलास. माझा बशीत ओतलास, हातात देण्याआधी वर फुंकर मारलीस, आणि मग म्हणालीस, "घ्या काका." मी तुझ्यावर डोळे वटारले. घरी आल्यावर पहिलं काय बोललो? रक्त थांबेल का, डॉक्टर काय म्हणाला, यातलं काही नाही. "फुंकर कशाला मारलीस? कोणी बघितलं असतं तर?"

तू मोरीत होतीस, आंघोळीला. आतून म्हणालीस, "सवय. चुकलं." आणि अंगावर तांब्या ओतलास.

पुढं त्या शिरेत सुईनं औषध भरलं. आत जाऊन गोंदासारखं घट्ट होणारं. नळीच्या सोनोग्राफीत बघत बघत भरतात. डॉक्टर पडदा दाखवत होता, बघा, इथला रंग गेला, म्हणजे वाहणं थांबलं. मी पडद्याकडे बघितलं नाही, डोळे घट्ट मिटून पडलो होतो. साच्याच्या आवाजात कधी भ्यालो नाही, तिथं मात्र थरथरत होतो. आणि चादरीखालून कोणाचातरी हात माझ्या पावलावर आला. नुसता ठेवलेला. त्या खोलीत बरेच जण होते, कोणाचाही असू शकला असता. माझी थरथर थांबली. मी ओळखलं, आणि पाय काढून घेतला नाही. त्या सगळ्या वर्षांत मी एवढंच बरं वागलो, सुमन. पाय काढून घेतला नाही.

रक्त थांबलं. पण पुन्हा भरतं का ते अधूनमधून बघत राहायचं होतं. दर वेळी तेच, काका आणि मावशी. मग तू रिटायर झालीस. मला वाटलं, आता तरी ही कटकट संपली. पण झालं भलतंच. आता तू बायको म्हणून माझ्याबरोबर यावंस, तर सगळं खातं तुला ओळखणारं. म्हणजे इतकी वर्षं खोटं बोललो ते उघड. मग तू गेटापर्यंत यायचीस, आणि समोर औषधांच्या दुकानांच्या रांगेत एका पायरीवर डोक्यावर पदर ओढून बसायचीस. ज्या हॉस्पिटलात तू आयुष्य काढलंस, त्याच्या दारात तोंड लपवून. मी बाहेर आलो की लांबूनच मान हलवायचो, ठीक आहे म्हणून. मग तू माझ्यामागून चालायला लागायचीस.

तू म्हणाली असतीस एकदा, की आता पुरे हे, तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. पण तू म्हणालीच नाहीस. याचा मला राग येतो, आणि मग रागाचीच लाज वाटते.

तू गेल्यावर लोक भेटायला येत होते. एका संध्याकाळी गॅलरीत पाचसहा बायका येऊन उभ्या राहिल्या. आत येईनात. शेजारणीनं विचारलं, तुम्ही कुठल्या? त्यातली एक म्हणाली, "ओळखीच्या आहोत." मी तिला ओळखलं. मंगल, तुझ्या खात्यातली, तुझ्याबरोबर पाळीला असायची ती. मी म्हटलं, या, आत या. तर ती दारातूनच हळू आवाजात म्हणाली, "काका, ड्यूटी संपवून घरी जाऊन आंघोळ करून आलोय सगळ्या. चालेल ना आत आलेलं?"

मी दार पूर्ण उघडलं. म्हणजे तू त्यांना सांगितलं होतंस. आणि त्या ते मनात ठेवून, माझ्या घराचा मान राखायला, केस ओले घेऊन आल्या होत्या.

त्या बसल्या. तुझ्या फोटोला हात जोडले. जाता जाता मी मंगलला विचारलं, तुला कधी कळलं, की मी... तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. "पहिल्याच दिवशी, काका. बशीत ओतून फुंकर मारून कोण पेशंटला चहा देतं का? सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनापण. सुमनमावशी म्हणाली, त्यांना कळू देऊ नका की तुम्हाला कळलंय. बिचारे लाजतात."

बिचारे! सगळं खातं माझ्यासाठी नाटक करत होतं, आणि मी समजत होतो की मीच हुशार.

गेल्या आठवड्यात तपासणीची तारीख होती. जायचं नाही असंच ठरवलं होतं. मग सकाळी मनात आलं, हे शरीर आपलं एकट्याचं कुठं आहे, त्यावर तिची बरीच मेहनत आहे. गेलो. पडद्याआड नवीन मावशी आली. चाळिशीची असेल. हात तुझ्याइतके हलके नाहीत अजून, पण शिकेल. मी कुशीवर वळलो तर तिनं माझा चेहरा नीट बघितला आणि तिचा हात थांबला. म्हणाली, "काका, तुम्ही आमच्याच भागातले ना?" मग आवाज खाली करून, "बाहेर बोलू नका हां. घरी मी कँटीनला आहे असं सांगितलंय. घरच्यांना नाही चालायचं."

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही, कुठल्या चाळीतली तेही नाही. सांगायचं की नाही ते तिचं ती बघेल.

मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. भिंतीलाच म्हटलं, "माझी बायको इथं होती. सुमन परब. हेच काम करायची. मीच तिला लपवायला लावलं."

जिवंत माणसाजवळ हे पहिल्यांदा बोललो. वाटलं होतं, ती काहीतरी चांगलं बोलेल, जाऊ द्या काका वगैरे. तिनं आपलं काम चालू ठेवलं.

"मग? लपलं?"

"नाही. सगळ्यांना ठाऊक होतं."

"मग कशाला लावलंत?"

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, तिच्या घरातलंच काहीतरी त्यातून कळेल म्हणून. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून हाक आली, परबांना घ्या. तिनं चादर सारखी केली आणि मला उठवलं. यंदाही ठीक आहे असं डॉक्टर म्हणाला. रंग नाही.

तेव्हापासून तिचा प्रश्न डोक्यात आहे. घरी आलो आणि सावंतला सांगितलं, तुम्ही काही घालू नका, मी स्वतः लिहितो. वाचतील ते वाचतील. पोरं म्हणतील, म्हातारा चळला. म्हणोत.

सगळ्यांना वाटेल, मला घाण वाटायची. तुलाही तेच वाटत गेलं असणार, आणि मी तसंच वाटू दिलं. पण मी गावी गोठ्यात वाढलेला माणूस, सुमन. बापाच्या शेवटच्या दुखण्यात त्याचं सगळं मी या हातांनी काढलंय. मला कसली घाण? तू पहिल्या दिवशी जिना चढून आलीस, तुझ्या तोंडावर पाळी संपवून आलेल्या माणसाचा थकवा होता. तो मला ओळखू आला. माझ्या तोंडावर तो वर्षानुवर्षं असायचा, आणि संप लागल्यापासून मला मिळाला नव्हता. तू हसत होतीस, सांगत होतीस, कोणीतरी तुला दिवसभर हाका मारल्या होत्या. मला कोणी हाक मारत नव्हतं. मला तुझा हेवा वाटला. नवऱ्याला बायकोचा हेवा वाटतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? एवढंच होतं गं. घाणीचं नाव मी उगाच घेतलं.